तलावाकाठचा हेरिटेज बंगला आणि आमची मधुरा

जालना म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, लोखंडी सळया आठवतात, मोसंबी आठवते. सुट्टी कुणालाच आठवत नाही. ती मला आठवली. परत आल्यापासून सोसायटीच्या बाकावर जो तो विचारतो, ‘‘काय हो, तिकडे पाहण्यासारखं काय आहे?’’ मी म्हणतो, पुष्कळ आहे. पण आम्ही गेलो तेव्हा तिथली मंडळीच आम्हाला पाहत होती.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. ज्या घरात आम्ही नवराबायको दोन रात्री राहिलो, त्या घरच्या म्हाताऱ्याला वाटत होतं की आम्ही मुलीचे आईवडील आहोत आणि मुलगी देण्याआधी त्याचं घर पाहायला आलो आहोत. मला वाटत होतं की मी आगाऊ भाडं भरलेला पर्यटक आहे. आम्हाला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो कॅनडात बर्फ उपसतो. ही बातमी शेवटापर्यंत दाबून ठेवली असती तर तुम्हाला धक्का बसला असता, हे कबूल. पण मग वाटेत मी केलेला गाढवपणा तुमच्या नजरेतून निसटला असता, आणि एवढा गाढवपणा वाया जाऊ देणं मला परवडत नाही.

निघण्यापूर्वी

माझा जन्म विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेला. गोदाम जळलं की जाळलं, हे मी चहा संपायच्या आत सांगत असे. मात्र सुट्टीसाठी घर निवडायला बसलो की हीच बुद्धी मला सोडून सुट्टीवर जाते. कोकणात मी ‘समुद्रदर्शन’ असलेली खोली घेतली. तिथे गच्चीवरच्या टाकीवर चढून डावीकडे झुकलं की माडांच्या मधून निळी चिंधी दिसायची; ती शेजाऱ्याची ताडपत्री होती. पुढच्या वर्षी ‘दरीकाठचं टुमदार घर’ घेतलं. दरी होती, पण ती स्वयंपाकघराच्या भिंतीत.

त्यानंतर सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, थंडपणे जाहीर केलं, ‘‘अहो, आता आणखी एकदा फसलात तर यापुढच्या सगळ्या सुट्ट्या ताईकडे सोलापूरला.’’ ताईंच्या घराला नावं ठेवायला जागा नाही. पण ताईंचे यजमान पाहुण्याला समोर बसवून आपल्या मूळव्याधीचा इतिहास सुरुवातीपासून सांगतात, आणि अजून ते शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेले नाहीत.

तेव्हा या खेपेला मी तपासनीस होऊनच बसलो. जाहिरात होती: ‘जांब समर्थच्या कुशीत, तलावाकाठचा हेरिटेज बंगला. खासगी इन्फिनिटी पूल. कॅम्पफायर. पारंपरिक स्वागत. स्थानिक कुटुंबाच्या हातचं जेवण.’ मी फोटोंवर विश्वास ठेवला नाही. उपग्रहाच्या नकाशात घर शोधलं. घराशेजारी निळंशार चौकोनी पाणी स्पष्ट दिसत होतं. पूल खरा! मग अभिप्राय वाचले. चारही पाच-पाच ताऱ्यांचे. एकानं लिहिलं होतं, ‘गोव्याची आठवण झाली.’ जालना जिल्ह्यात गोव्याची आठवण व्हायला माणूस घरमालकाचा मित्रच असावा लागतो, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

शेवटचा आणि माझ्या मते हुकमी नियम असा, की मालकाशी बोलू नये, जागेवर राहणाऱ्या माणसाशी बोलावं. मालक योगेश, पुण्यातच नोकरीला असलेला, गोड आवाजाचा मुलगा. त्यानं जरा आढेवेढे घेऊन ‘केअरटेकर सुदामराव’ यांचा नंबर दिला आणि वर बजावलं, ‘‘काका, त्यांच्याशी भाड्याचं काही बोलू नका हां. जुन्या वळणाचे आहेत, त्यांना अपमान वाटतो.’’ मी मनात म्हटलं, कमिशनचा मामला असेल.

फोन लावला. ‘‘नमस्कार, पुण्याहून बोलतोय. योगेशनं नंबर दिला.’’

पलीकडे पितळेचं काहीतरी पडलं. ‘‘बोला, बोला सायेब! अगं ए, पुण्याचा फोन आला! हां, बोला.’’

‘‘यायच्या आधी घराची थोडी चौकशी करायची होती.’’

‘‘करा की! चौकशी केल्याबिगर कोन येईल? बिलकुल करा.’’

‘‘पाणी?’’

‘‘लई हाय. दारातच तळं हाय.’’

‘‘वीज?’’

‘‘जाती अधूनमधून. खोटं कशाला बोलू?’’

असा प्रामाणिक केअरटेकर मी आयुष्यात पाहिला नव्हता. ‘‘आजूबाजूचे लोक कसे आहेत?’’

‘‘भावकी हाय. पर बांधाचा वाद न्हाई, कोर्टकचेरी न्हाई.’’

‘‘तिथे दारूबिरू, आरडाओरडा?’’

‘‘राम राम! आमचं पोरगं सुपारीबी खात न्हाई.’’

हे पोरगं म्हणजे हाताखालचा गडी, असं मी धरून चाललो. मग खाकरून मुख्य मुद्द्याला आलो. ‘‘संडास कमोडचा आहे का? माझे गुडघे...’’

पलीकडे कुजबुज झाली. मग निश्चयी आवाज आला, ‘‘सध्या न्हाई. तुम्ही यायच्या आत होऊन जाईल.’’

‘‘अहो, माझ्या गुडघ्यांसाठी एवढा खर्च...’’

‘‘खर्चा राहू द्या सायेब. ताईंना बी लागंलच ना.’’

फोन ठेवून मी सुनंदाला म्हणालो, ‘‘ग्राहकसेवा म्हणतात ती ही. तुझ्यासाठीसुद्धा कमोड बांधतोय तो माणूस.’’ सुनंदा म्हणाली, ‘‘मला कुठे गुडघे आहेत?’’ पण ही शंका मी नोंदवून घेतली नाही.

बंगला

शहागडला गोदावरी ओलांडली, तीर्थपुरी मागे पडलं आणि कुंभार पिंपळगावच्या अलीकडे एका कच्च्या वाटेनं आम्ही आत वळलो. जानेवारीतली ज्वारी कणसाला आली होती. उभ्या पिकात गाडीचा टप तेवढा दिसत असावा, कारण गोफण घेऊन पाखरं हाकणारी एक बाई माळ्यावरून आमच्याकडे पाहतच राहिली. तिचा दगड चुकून बोनेटवर आला. स्वागत पारंपरिक होतं.

हेरिटेज बंगल्याचा दरवाजा खरोखर जुना होता, सागवानी, पितळी कड्यांचा. बाकीचं घर त्या दरवाज्याला नंतर जोडलेलं होतं: तीन खोल्या, स्लॅब, पत्र्याची पडवी. भिंतींना इतका ताजा चुना की टेकलो आणि माझा निळा शर्ट पाठीमागून पांढरा झाला. दाराला आंब्याचं तोरण. पाय धुवायला तांब्या. सुदामराव सत्तरीकडे झुकलेले, काटक, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांच्या पत्नी कौसाबाईंनी सुनंदाला हळदीकुंकू लावलं आणि नखशिखांत न्याहाळलं. पुण्यात आम्ही पाहुण्याला आधी जिना कुठे संपतो ते सांगतो आणि मग चपला कुठे काढायच्या ते. इथे चपला काढायच्या आतच हातात गूळपाणी आलं.

‘‘आधी तुमचं काम दाखवतो,’’ म्हणून सुदामराव मला फाटकाजवळच्या कोऱ्या विटांच्या खोलीकडे घेऊन गेले. आत कमोड होता. पांढराशुभ्र, जालन्याहून टेम्पोनं आणलेला. त्याच्या भोवतीच्या सिमेंटवर ओलं गोणपाट अंथरलेलं होतं आणि सुदामराव त्यावर तांब्यानं पाणी शिंपडत होते, देवाला घालावं तसं.

‘‘फक्त दोन दिवस बसू नका सायेब. शिमिट वलं हाय.’’

आमचा मुक्काम दोन दिवसांचाच होता. माझ्यासाठी बांधलेली ही वास्तू मी येता-जाता बाहेरून पाहिली, आणि गुडघ्यांनी जुन्या पद्धतीनं काम चालवलं.

मग घर दाखवणं सुरू झालं. आपल्याकडे पर्यटकाला वायफायचा पासवर्ड दाखवतात. सुदामरावांनी विहीर दाखवली, गोठा दाखवला, मोसंबीची बाग दाखवली, धान्याच्या कोठ्यांची झाकणं उघडून दाखवली, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारलं, ‘‘पसंत हाय का?’’ हल्ली सगळीकडेच अभिप्राय मागतात. मी उदार मनानं प्रत्येक ठिकाणी म्हणालो, ‘‘एकदम पसंत!’’ गाईलासुद्धा म्हणालो. मोसंबीच्या बागेत तर जोशात येऊन म्हणालो, ‘‘सुदामराव, इथे कायमचं राहावंसं वाटतंय.’’ त्यांनी रुमालानं डोळे टिपले. मला वाटलं, मोसंबीचा रस उडाला.

इन्फिनिटी पूल

दुपारी ऊन छान पडलं. मी मुलानं कॅनडाहून पाठवलेली, पोपटांची नक्षी असलेली पोहण्याची चड्डी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि पडवीत आलो. पडवीत सतरंजीवर भावकीतली सात-आठ माणसं टोप्या सावरून बसली होती. सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या.

ही मंडळी मुलीच्या बापाला पाहायला जमली होती, हे लक्षात घ्या. आणि मुलीचा बाप पोपट घालून समोर उभा.

सगळ्यांत पुढे बसलेले लिंबाजी, सुदामरावांचे चुलतभाऊ, वयानं थोरले आणि मिशीनं त्याहून थोरले, म्हणाले, ‘‘सुदाम्या, पाहुण्यांचं सामान हरवलं का रे?’’

‘‘पूल कुठे आहे?’’ मी विचारलं.

‘‘पूल तिकडं, शहागडला. तुम्ही त्याच्यावरूनच आल्ते ना?’’

सुदामराव धावत आले आणि मला घरामागे घेऊन गेले. तिथे उपग्रहातून दिसलेलं ते निळं, चौकोनी पाणी होतं. भोवती काटेरी तारेचं कुंपण. ते शेततळं होतं, मोसंबीला पाणी द्यायचं, तळाशी आणि काठांना प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. अनंत मात्र ते होतं. ‘‘ह्याच्यात उतरलं की माणूस वर येत न्हाई सायेब,’’ सुदामराव कळवळून म्हणाले. ‘‘कागदाला शेवाळ असतं. हात ठेवायला जागाच न्हाई. गेल्या साली आमची कालवड गेल्ती. तुम्हाला आंघोळच करायची तर बंब पेटवतो ना. जल्दी पेटतो.’’

मागून लिंबाजींचा आवाज आला, ‘‘दुपारच्याला कोन आंघोळ करतंय? पुण्यात सकाळी पाणी येत नसंल.’’

मी बंबाच्या पाण्यानं, पोपटांसकट, सगळ्या भावकीच्या ऐकण्याच्या टप्प्यात आंघोळ केली. सोलापूर मला स्पष्ट दिसू लागलं. मात्र रात्री ज्वारीची भाकरी, येसरची आमटी, वांग्याचं भरीत आणि खलबत्त्यातली शेंगदाण्याची चटणी जेवल्यावर सुनंदा म्हणाली, ‘‘जाहिरात खोटी आहे, पण जेवण तिच्यापेक्षा खरं आहे. थांबू या.’’ आणि ती सकाळी आठपर्यंत गाढ झोपली.

जांब समर्थ

दुसऱ्या दिवशी समर्थ रामदासांच्या जन्मगावी गेलो. मंदिरात गर्दी नव्हती. शाळेच्या सहलीतली मुलं एका सुरात श्लोक म्हणत होती आणि मागच्या रांगेतली दोघं त्याच चालीत भांडत होती. दर्शन घेऊन आम्ही पायरीवर बसलो. सुनंदा बराच वेळ गप्प होती. तिच्या गप्प बसण्याचे प्रकार मला पाठ आहेत. हा त्यातला नव्हता.

‘‘अहो, आपली मुलगी काय करते?’’ तिनं विचारलं.

‘‘कोणती मुलगी?’’

‘‘मीही हेच विचारणार होते. सकाळी कौसाताई म्हणाल्या, पोरीचा फोटो दाखवा की ताई, रात्रीपासून ह्यांना झोप न्हाई. मी म्हटलं, फोनचं चार्जिंग संपलंय.’’

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. तिनं परस्पर योगेशला फोन लावून त्याला बोलतं केलं होतं. सुदामराव कुणी केअरटेकर नव्हते, ते योगेशचे वडील होते. आपल्या घरात पैसे घेऊन माणसं ठेवायची, ही कल्पना त्यांना ऐकवली असती तर त्यांनी योगेशलाच ठेवलं नसतं. तेव्हा या हुशार मुलानं नेटवर आमच्यासाठी एक जाहिरात लिहिली आणि आईबापांसाठी दुसरी: मुलीकडचे येऊन राहतायत, चांगले लोक आहेत, नीट बघा. आम्ही त्याचे पहिलेच गिऱ्हाईक. ‘‘काकू, प्लीज, उद्या सकाळपर्यंत सांभाळून घ्या,’’ तो म्हणाला होता. ‘‘नंतर मी सांगेन, पत्रिका जमली नाही.’’

मला ती फोनवरची चौकशी आठवली. पाणी, वीज, बांधाचा वाद, दारू. मुलीच्या बापानं विचारावेत असे सगळे प्रश्न मी एकही न चुकवता विचारले होते, आणि कमोड मागितला होता.

‘‘त्या माणसाला किती वर्षं नकारच येतायत, माहितीय?’’ सुनंदा म्हणाली. ‘‘कौसाताई सांगत होत्या. कुणाला शहरात फ्लॅट पाहिजे, कुणाला शेती पाहिजे पण शेतात राहणारे सासूसासरे नकोत. घर बघायला म्हणून फाटकापर्यंत आलेलं हे पहिलं माणूस म्हणजे तुम्ही. त्यांना आजच सांगायचं. तुम्ही सांगायचं.’’

मी मान डोलावली. परतीच्या वाटेवर वाक्यं जुळवली. ‘सुदामराव, एक गैरसमज झालाय.’ सुरुवात चांगली होती.

बैठक

पडवीत भावकी आमच्या आधीच येऊन बसली होती. स्वयंपाकघरातून डाळ शिजल्याचा वास येत होता. मी ‘सुदामराव, एक...’ एवढं म्हणालो, तोच लिंबाजी मिशी चोळत बोलले, ‘‘आरं सुदाम्या, उगं काहून जीव आटवून राह्यला? हे पुण्याचे लोक. येतील, खातील, फोटो काढतील आन जातील. तुझ्या योग्याला कोन पोरगी देनार? माझ्या पोराची गोष्ट अलग होती. त्याला पक्की नोकरी हाय.’’

कुणीतरी हसलं. सुदामराव माझ्याकडे पाहत होते. काही मागत नव्हते, नुसते पाहत होते. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि ते गैरसमजाचंच होतं. निघालं मात्र भलतंच.

‘‘आमची मुलगी बँकेत आहे,’’ मी म्हणालो.

दारात उभी असलेली सुनंदा चौकटीला धरून राहिली.

‘‘नाव?’’ लिंबाजींनी विचारलं.

‘‘मधुरा.’’

‘‘सैपाक येतो का?’’

‘‘उत्तम येतो.’’ एकदा सुरुवात केल्यावर मला थांबवेना. मधुरा एम.कॉम. झाली. मधुराला शेतीची जात्याच आवड. मधुरा पहाटे उठते. मधुराला पेटी वाजवता येते, पण ती मोठ्यांसमोर वाजवत नाही. उंची विचारली, तर मी सुनंदाकडे बघून चार बोटं वाढवून सांगितली. आयुष्यभर ज्यांच्या खोट्या दाव्यांवर मी लाल शाईनं शेरे मारले, ते सगळे ठक मला त्या क्षणी भावासारखे वाटले. मालाचा पत्ता नसताना वर्णन लिहिताना जी मोकळीक मिळते, ती माल समोर असताना कधीच मिळत नाही. तलावाकाठची, इन्फिनिटी, हेरिटेज मुलगी मी त्या सतरंजीवर उभी केली.

लिंबाजींची मिशी खाली आली. सुदामराव ताठ बसले. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘मंग सायेब, पुरण वाटायचं का?’’

जाहिरातीत ‘कुटुंबाच्या हातचं जेवण’ होतंच. मला भूकही लागली होती. ‘‘वाटा की! विचारताय काय?’’

पडवीतून समाधानाची एक लाट गेली. आत पाटा खडखडू लागला. मला वाटलं, यांना पुरण फारच आवडतं. नुसत्या घर बघण्याला चहा, भाकरी, फार तर पोहे. गोडाचं ताट मुलीकडच्यांनी स्वीकारायचं ते मनात होकार असला तरच, आणि म्हणूनच ते वाटण्याआधी विचारायची तिथे रीत आहे, हे मला तिसऱ्या पोळीवर शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं समजावलं. चौथी पोळी माझ्या हातात होती. ती परत ठेवली असती तर नकार झाला असता. म्हणून खाल्ली. तुपासकट.

कॅम्पफायर

‘‘आता मुलगी कुठून आणणार?’’ खोलीचं दार लावून सुनंदानं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, ही वाईट खूण. ‘‘त्या पोरानं त्यांना एक थाप मारली होती. तुम्ही पोटभर जेवून दहा मारल्यात. त्या कौसाताई आत लुगडं शोधतायत, मधुराला. आत्ता जा.’’

दिवस कलत होता. सुदामराव शेतात हुरड्याची आगटी पेटवून बसले होते. जाहिरातीतला कॅम्पफायर तो हाच. कौसाबाई जवळ बसून भाजलेली कणसं हातावर चोळत होत्या. हिरवे, कोवळे, गरम दाणे त्यांनी माझ्या ओंजळीत घातले. ओंजळ भरलेली असताना खरं बोलणं अवघड असतं, पण खाली ठेवायला जागा नव्हती.

मी सांगितलं. पुलापासून मधुरापर्यंत, काही न गाळता. सांगताना मध्ये कुठे विनोद केला नाही, कारण सुचलाच नाही.

सुदामराव आगटीत काडी हलवत राहिले. मग विचारलं, ‘‘योग्यानं तुमच्याकडून पैसे घेतले?’’

‘‘हो.’’

‘‘आमच्या घरात जेवलात. आन पैसे घेतले.’’ मुलगी नाही याच्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं. चेहरा दुसरीकडे वळवून ते म्हणाले, ‘‘कौसे, ऐकलं का?’’

‘‘मला सकाळीच वाटल्तं,’’ कौसाबाई म्हणाल्या. ‘‘पोरीची आई दुसऱ्याच्या घरात इतकं निवांत झोपती का? मी माझ्या लेकीचं घर बघाया गेल्ते तर रातभर त्यांच्या कोंबड्या मोजल्या.’’

‘‘मंग बोलली का न्हाईस?’’

‘‘तुम्ही इतके खूश होऊन राह्यलते.’’

दाणे तडतडत होते. मी म्हणालो, ‘‘सुदामराव, त्या कमोडचा खर्च मी...’’

‘‘राहू द्या. गुडघे आम्हाला बी हायेत.’’ मग ते माझ्याकडे वळले. ‘‘पर सायेब, गावाला काय सांगू? तुम्ही पुरण खाल्लं. सगळ्यांनी पाहिलं.’’

‘‘योगेश म्हणत होता, पत्रिका जमली नाही असं सांगू. नकार आमच्याकडून.’’

‘‘न्हाई.’’ त्यांनी काडी आगटीत टाकली. ‘‘नकार लई झाले. फोनवर झाले, चिठ्ठीवर झाले, एकीनं तर आमचं पोरगंबी पाहिलं न्हाई, नुसतं गावाचं नाव ऐकून न्हाई म्हणली. आता एकदा तरी नकार आमच्याकडून जाऊ द्या.’’

मला कळायला जरा वेळ लागला. ‘‘म्हणजे मधुराला?’’

‘‘हां. उद्या सकाळी, सगळ्यांसमोर. तुम्ही फक्त मान खाली घालून उभं राह्याचं. जमंल?’’

मान खाली घालण्याचा माझा संसारातला अनुभव दांडगा आहे, असं मी म्हणालो. तेव्हा ते पहिल्यांदा हसले, आणि घरात गेल्यावर योगेशला फोन करून काय बोलले ते भिंतीपलीकडून आम्हाला शब्दन्शब्द ऐकू आलं. ते छापण्यासारखं नाही. त्यातलं ‘‘पैसे वापस कर आन रविवारी घरी ये’’ एवढंच सभ्य होतं.

निरोप

सकाळी भावकी पुन्हा जमली. सुपारी फुटायची म्हणून लिंबाजी कोट घालून आले होते. सुदामरावांनी धुवट रुमाल बांधला होता. ते सगळ्यांसमोर उभे राहिले, घसा साफ केला, आणि इतक्या वर्षांत फक्त ऐकून ऐकून पाठ झालेलं वाक्य पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हणाले, ‘‘पाहुणे, राग मानू नका. पोरगी गुणाची हाय. पर आमच्या मनाला आलं न्हाई.’’

लिंबाजी उठूनच उभे राहिले. ‘‘आरं येडा झाला का? बँकेतली पोरगी! पहाटं उठती! पेटी वाजवती!’’

‘‘तेच तर,’’ सुदामराव शांतपणे म्हणाले. ‘‘सुनेला पेटी कशाला? आन बाप लई बोलतो. उद्या सोयरीक झाली तर ऐकायचं कुणी?’’

‘‘पुन्हा विचार कर सुदाम्या!’’

‘‘केला. न्हाईच.’’

त्या ‘न्हाईच’मधला ‘च’ त्यांनी इतका चवीनं उच्चारला की मी मान खाली घातली नसती तर हसू दिसलं असतं. पण मान खाली असतानाच मला एक विचित्र गोष्ट जाणवली. मला राग आला होता. खरा राग. पोरगी एम.कॉम. आहे, चार माणसांत ऊठबस आहे, आणि हा माणूस एका पेटीवरून तिला नाकारतो?

निघताना कौसाबाईंनी सुनंदाची ओटी भरली, गाडीत मोसंब्यांचं पोतं टाकलं, आणि दोघी कानात काहीतरी बोलून हसल्या. सुदामरावांनी माझे दोन्ही हात धरले. ‘‘पुढच्या जानेवारीत या. पाव्हणे म्हणून. योग्याला न विचारता.’’ एवढ्यात लिंबाजी गाडीच्या खिडकीशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘सायेब, ह्या येड्याचं मनावर घेऊ नका. माझा भाचा हाय परतूरला. पेटी चालंल.’’

शहागडपर्यंत मी दातओठ खात गाडी चालवली. गोदावरीच्या पुलावर मात्र मला राहवेना.

‘‘मला एक सांग,’’ मी म्हणालो. ‘‘मधुरात नाही म्हणण्यासारखं होतं तरी काय?’’

सुनंदानं मोसंबी सोलली, एक फोड माझ्या तोंडात घातली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, ‘‘स्वयंपाक येत नाही तिला. तुम्ही सांगितलंत खरं, पण अजिबात येत नाही. तुमच्यावर गेलीय.’’